फोटो असताना चित्र कशाला?

पावसाळ्यात एखाद्या गडावर जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये फुलांचे शे-दीडशे फोटो सहज सापडतात. त्याच माणसाला वनस्पतिचित्रांच्या प्रदर्शनात नेलं की तो दोन-चार चित्रं कौतुकाने बघतो आणि मग विचारतो, "फोटो क्षणात निघतो. मग एका फुलापुढे आठ-आठ दिवस ब्रश घेऊन बसायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. 'हौस' एवढंच उत्तर देऊन तो मिटत नाही, कारण नवी वनस्पती सापडल्याचं जाहीर करताना अभ्यासक आजही फोटोंच्या जोडीला रेखाचित्र देतात. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली. तिला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी झाडं-फुलं काढणाऱ्या चित्रकाराचं काम संपलेलं नाही. ते का, हे एका रानफुलापासून समजून घेऊ.

१. कळलावीचा बायोडेटा

श्रावणात रानाच्या कडेला, कुंपणावर कळलावी चढलेली दिसते. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात. लाल-पिवळ्या ज्वाळा वर उसळाव्यात तसं तिचं फूल. समजा, तुम्ही त्याचा सुरेख फोटो काढलात. आता या फोटोत काय आलं नाही, त्याची यादी करू.

पहिली गोष्ट रंगाची. कळी हिरवट असते. उमलल्यावर पाकळ्या पिवळ्या होतात, मग त्यांच्यावर केशरी चढतो आणि शेवटी त्या लालभडक होतात. फोटोत यातला एकच दिवस आला. दुसरी गोष्ट पानांची. पानाचं टोक लांब होऊन वेटोळं घालतं आणि शेजारच्या काटकीला धरतं. वेल चढते ती पानांच्या या बोटांनी. तिसरी गोष्ट फुलाच्या पोटातली. स्त्रीकेसराची बारीक दांडी बुडाशीच काटकोनात वळते आणि आडवी बाहेर जाते. त्यामुळे तिचं टोक स्वतःच्या फुलाच्या परागांपासून लांब राहतं आणि दुसऱ्या फुलाचे पराग मिळण्याची शक्यता वाढते. समोरून काढलेल्या फोटोत हा काटकोन दिसेलच असं नाही. चौथी गोष्ट फळाची. ते पाऊस सरल्यावर तडकतं आणि आत लाल बिया दिसतात. पाचवी गोष्ट जमिनीखालच्या कंदाची. त्याचा आकार नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. (कंद जहाल विषारी असतो, तेव्हा तो उकरून बघायच्या भानगडीत पडू नका.)

वनस्पतिचित्रकार हे सगळं एकाच कागदावर मांडतो. मधोमध चढणारी वेल, तिच्यावर कळी, ताजं फूल आणि पिकलेलं फूल. खाली एका कोपऱ्यात उभं चिरलेलं फूल, दुसऱ्या कोपऱ्यात तडकलेलं फळ, बी आणि कंद. कुठला भाग किती पट मोठा करून दाखवला आहे, तेही शेजारी लिहिलेलं.

लग्नाच्या अल्बममध्ये शंभर फोटो असले, तरी स्थळासाठी पाठवतात तो एका पानाचा बायोडेटा. त्यात उंची, शिक्षण, गाव, घरची माणसं असं सगळं थोडक्यात येतं. वनस्पतिचित्र म्हणजे झाडाचा बायोडेटा. फरक एवढाच, की इथे खोटं चालत नाही.

आता एक गंमत लक्षात घ्या. कागदावरची ही कळलावी कुठल्याच रानात भेटणार नाही. श्रावणातलं फूल आणि दिवाळीनंतरचं फळ एका वेलीवर शेजारी-शेजारी नसतात. चित्रकाराने पाच-सात वेली बघितल्या, दोन-तीन महिने बघितल्या आणि त्यांतून एक काढली. फोटो 'या वेलीचा' असतो. चित्र 'कळलावी नावाच्या जातीचं' असतं.

२. शब्दांनी भागत नाही

मग नुसतं वर्णन लिहिलं तर? करून बघू. "पान अंडाकृती, कडा दातेरी" एवढं तिघांना सांगा. एकजण जास्वंदीचं पान आणेल, दुसरा गुलाबाचं, तिसरा तुळशीचं. तिघांचंही बरोबर!

ही अडचण जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यात छापला. माहिती भरपूर, पण झाडांचं चित्र एकही नाही. युरोपात बसून तो वाचणाऱ्याला आपल्याकडचं झाड डोळ्यांपुढे आणायचं कसं? पंधरा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाओ दा कोस्ता या दुसऱ्या वैद्याने त्याच विषयावर पुस्तक काढलं आणि त्यात लाकडी ठशांची चित्रं घातली.

वैद्यकात चित्राची गरज जास्त, कारण तिथे ओळख चुकली तर जीव जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याने शेकडो औषधींची माहिती लिहिली. त्या ग्रंथाची सुमारे ५१२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेली एक सचित्र प्रत आज व्हिएन्नात आहे आणि तिच्यातली कित्येक झाडं आजही ओळखू येतात. पण पुढच्या हजार वर्षांत अशा ग्रंथांच्या नकला होत गेल्या. नक्कल करणाऱ्यापुढे झाड नसायचं, आधीची नक्कल असायची. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की दहाव्या प्रतीत अक्षर पुसट होतं, तसंच इथे झालं. पानं दोन्ही बाजूंना सारखी होत गेली, मुळांची नक्षी झाली आणि ओळख हरवली.

३. कोमेजलेलं पान काढायचं का?

ही साखळी तुटली जर्मन भाषकांच्या मुलखात. १५३० साली ओट्टो ब्रुनफेल्स याच्या ग्रंथासाठी हान्स वाइडित्झ या चित्रकाराने झाडं समोर ठेवून चित्रं काढली. इतकी प्रामाणिक, की पान कोमेजलेलं असेल तर कोमेजलेलं, देठ मोडलेला असेल तर मोडलेला.

बारा वर्षांनी, १५४२ साली, लिओनहार्ट फुक्स याचा ग्रंथ आला. त्यात पाचशेवर वनस्पतींची चित्रं. फुक्सने वेगळी वाट धरली. त्याला मोडका देठ नको होता. सावल्या, छायाप्रकाशाची करामत हेही नको होतं, कारण त्याखाली झाडाचा खरा आकार झाकला जातो. स्वच्छ रेषा, सगळे अवयव सुटे आणि स्पष्ट.

दोघांत बरोबर कोण? शेजारच्या काकांचं व्यक्तिचित्र काढायचं असेल तर त्यांच्या कपाळावरची जखमेची खूण हवीच. पण शाळेच्या तक्त्यावर 'माणसाचं शरीर' काढताना ती खूण घातली, तर मुलांना वाटेल की सगळ्यांनाच ती असते. वाइडित्झने व्यक्तिचित्र काढलं, फुक्सने तक्ता. वनस्पतिचित्रकला पुढे बरीचशी फुक्सच्या वाटेने गेली, पण झाड समोर असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही हा वाइडित्झचा नियम तिने सोडला नाही.

म्हणजे चित्रकाराला सतत निवड करावी लागते. पानावरचं भोक अळीने पाडलेलं आहे की जातीचंच लक्षण आहे? पाकळीवरचा ठिपका डाग आहे की खूण? एका झाडावरून हे कळत नाही. दहा झाडं बघावी लागतात. कॅमेऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो भोकही टिपतो आणि खूणही, आणि कुठलं काय हे ठरवायचं काम बघणाऱ्यावर सोडून देतो.

फुक्सच्या ग्रंथातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. झाड बघून चित्र काढणारा, ते लाकडी ठोकळ्यावर उतरवणारा आणि ठोकळा कोरणारा, अशा तिघा कारागिरांची चित्रं त्याने नावांसह ग्रंथात छापली.

४. नागरी अक्षरांतली झाडं

सतराव्या शतकात कोची डचांच्या ताब्यात होतं. तिथला डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा लॅटिन ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. त्यांत ७४२ वनस्पती आहेत. शेवटचे खंड बघायला रीड राहिला नाही. १६९१ साली सुरतेला जाताना जहाजावरच तो वारला.

कामाची पद्धत बघण्यासारखी होती. माणसं रानात जाऊन फूल, पान, फळ असलेल्या फांद्या आणत आणि चित्रकार त्या ताज्या असतानाच काढून घेत. पण फांदी कसली, उपयोग काय, हे सांगणार कोण? तिथे उपयोगी पडले इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य. गोव्याकडून कोचीला गेलेल्या कोकणी समाजातले हे तिघे. त्यांनी आपल्या कामाबद्दल कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेलं निवेदन पहिल्या खंडात छापलं आहे. चित्रांवरही झाडाचं नाव लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरी अक्षरांत आहे. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली, तीही झाडांच्या निमित्ताने.

या चित्रांचं महत्त्व पुढे वाढलं. झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली रूढ केली. तो भारतात कधी आला नव्हता. इथल्या अनेक झाडांना नावं देताना तो रीडच्या ग्रंथावर विसंबला. शास्त्रात प्रत्येक नावाला एक मूळ पुरावा लागतो. जमिनीच्या वादात जसा सात-बाराचा उतारा काढतात, तसा नावाचा वाद झाला की हा पुरावा काढतात. बहुतेक वेळा तो पुरावा म्हणजे वाळवून जपलेली फांदी असते. पण लिनियसच्या काही नावांच्या बाबतीत असा नमुना नाही, आणि रीडच्या ग्रंथातलं चित्र हाच पुरावा मानला जातो.

५. रंगाला नंबर

वाळवलेली फांदीच पुरावा असेल, तर चित्राची गरज काय? लहानपणी वहीत दाबून ठेवलेली गुलाबाची पाकळी आठवा. आकार राहतो, शिरा राहतात, रंग मात्र तपकिरी होतो. संग्रहालयातल्या फांद्यांचंही तसंच होतं. शिवाय फूल चपटं होतं. म्हणून रंग आणि ठेवण चित्रातच जपावी लागते.

पण रंगवायला वेळ लागतो आणि फूल थांबत नाही. या पेचावर फर्डिनांड बाउअर या ऑस्ट्रियन चित्रकाराने एक युक्ती वापरली. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी शेडकार्ड मिळतं, त्यात प्रत्येक छटेला नंबर असतो. बाउअरची पद्धत तशीच होती. जागेवर पेन्सिलीने रेखाटन करायचं आणि प्रत्येक भागावर छटेचा आकडा लिहायचा. पानाची वरची बाजू अमुक नंबर, खालची तमुक, देठ आणखी वेगळा. रंग भरायचे ते महिन्या-वर्षांनी, घरी परतल्यावर. १७८०च्या दशकात ग्रीसकडच्या प्रवासात त्याच्याकडे अडीचशेच्या वर आकडे होते. १८०१ साली ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर निघाला तेव्हा छटांची संख्या हजाराच्या आसपास गेली होती.

हिरव्या रंगाच्या निदान शंभर छटा ओळखता आल्याशिवाय असा तक्ता बनत नाही. आपल्याकडे 'पोपटी', 'शेवाळी', 'मेंदी', 'मोरपंखी' असे शब्द आहेत. पुढच्या वेळी आंब्याची पालवी दिसली की तिच्यासाठी शब्द शोधून बघा. बाउअरला आकड्यांची गरज का पडली, ते कळेल.

६. सही नसलेली चित्रं

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला भारतातली झाडं हवी होती. इमारती लाकूड, औषधं, रंग, तंतू, सगळ्यांत व्यापार होता. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून जास्त चित्रं काढून घेतली. हे लोक लघुचित्रांच्या किंवा कापडावरच्या कामाच्या परंपरेतले होते. एका केसाच्या ब्रशने दागिन्याचा मोती रंगवणाऱ्या हाताला परागकोश रंगवणं जड गेलं नाही. नवं शिकायचं होतं ते वेगळंच. फूल चिरायचं, आतले भाग मोजायचे आणि शोभेसाठी एकही पान जास्त घालायचं नाही.

दक्षिणेत रॉबर्ट वाइट याच्याकडे रंगय्या आणि गोविंदू हे दोन तेलुगू चित्रकार होते. गोविंदूच्या सन्मानार्थ वाइटने एका ऑर्किडच्या गटाला 'गोविंदूइया' असं नाव दिलं. पुढे तो गट दुसऱ्या गटात सामील झाला आणि हे नाव वापरातून गेलं. तरीही गोविंदूचं नाव निदान नोंदीत राहिलं. त्याच्यासारख्या बहुतेकांना तेवढंही मिळालं नाही.

असाच एक चित्रकार पुण्याजवळच्या दापोडीत होता. आज दापोडी म्हटलं की लोकल, कारखाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण १८२८ पासून तिथे मुंबई इलाख्याचं वनस्पती उद्यान होतं. १८३८ ते १८६० अलेक्झांडर गिब्सन त्याचा प्रमुख होता. इलाख्यातल्या जंगलांच्या रक्षणाची जबाबदारीही त्याच्यावर आली. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून उद्यानातल्या आणि सह्याद्रीतल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं करून घेतली. ही चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं.

चित्रकाराबद्दल कळतं ते इतकंच, की तो पोर्तुगीज-भारतीय होता. नाव नाही, गाव नाही. त्याच्या तीनशे वर्षं आधी फुक्सने तीन कारागिरांचे चेहरे छापले होते. दापोडीच्या माणसाची आपल्याकडे उरलेली ओळख एकच आहे. त्याने पानाच्या कडा कशा बघितल्या, हिरवा रंग कसा घोटला, ती नजर.

७. अळीसकट झाड, रात्रीसकट फूल

इथवर आपण उपयोगाचं बोललो. पण नुसत्या उपयोगापोटी माणूस महिनोन्महिने एका वेलीपुढे बसत नाही.

मारिया सिबिला मेरियान १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ॲमस्टरडॅमहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिला अळ्यांची फुलपाखरं होताना बघायची होती. घरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत कधी हिरवी जाड अळी सापडली असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे की ती शेजारच्या मोगऱ्यावर जात नाही. बऱ्याच अळ्यांचं झाड ठरलेलं असतं. मेरियानने १७०५ सालच्या आपल्या ग्रंथात ६० चित्रं दिली आणि झाड व कीटक एकाच कागदावर काढले. त्यातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे, ते म्हणजे शंकासुर. त्याच्या चित्रासोबत तिने लिहून ठेवलं, की मळ्यांवरच्या गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपलं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून. फुलाजवळ बसलेल्या बाईला फुलाभोवतीची माणसंही दिसली.

दुसरी मार्गारेट मी. ही इंग्लंडची चित्रकार १९५२ साली ब्राझीलला गेली आणि पुढे ॲमेझॉनच्या जंगलात तिने १५ मोहिमा केल्या. पुरात बुडणाऱ्या रानात झाडांच्या खोडांना चिकटून वाढणारा एक निवडुंग तिथे आहे. त्याचं पांढरं फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि उजाडेपर्यंत मिटतं. वर्षानुवर्षं तिला ते उमलताना सापडलं नव्हतं. १९८८ सालच्या मे महिन्यात, ७८व्या वर्षी, होडीच्या टपावर बसून विजेरीच्या उजेडात तिने ते उमलताना काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला.

या दोघींच्या वेडाला 'निसर्गप्रेम' हा शब्द तोकडा पडतो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला श्वासाचा बदल कळतो, तशी त्यांची झाडाशी जवळीक होती.

८. आता पेन्सिल घ्या

शेवटी एक प्रयोग. अंगणातली किंवा बाजारातली एकेरी लाल जास्वंद घ्या. देठासकट पाण्याच्या पेल्यात ठेवा. साधी पेन्सिल, कोरा कागद. घाई नको, अर्धा तास हाताशी असू द्या.

आधी फुलाकडे न बघता, आठवणीने जास्वंद काढा. ती बाजूला ठेवा. मग फूल बघत दुसरी काढा आणि काढताना स्वतःला चार प्रश्न विचारा. पाच पाकळ्या एकमेकींवर कशा बसल्यात? (प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली, हातात पसरलेल्या पत्त्यांसारखी.) पुंकेसर मधल्या नळीच्या टोकाला आहेत की अंगावर? नळीच्या अगदी टोकाला मखमली ठिपके किती? आणि फूल उलटं केलं तर देठाजवळ काय दिसतं? हिरव्या पेल्याच्या बाहेर अरुंद पानांचं आणखी एक कडं आहे. ते तुमच्या पहिल्या चित्रात होतं का?

दुसरं चित्र सुंदर येईल असं नाही. पाकळ्या वेड्यावाकड्या होतील, देठ जाड होईल. चालेल. वर्षानुवर्षं गणपतीला वाहिलेल्या फुलात पाच ठिपके असतात, हे खोडरबर घासताना कळलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीत जास्वंद टाकण्याआधी ती उलटी करून बघाल. आणि फोटो काढायचा झालाच, तर या खेपेला तो समोरून काढणार नाही, खालून काढाल, ते हिरवं कडं दिसेल असा.